पंपघराची खिडकी

पाहुणा चार वाजता येणार होता आणि साडेतीन वाजले तरी त्याला कुठल्या खुर्चीत बसवायचं हे घरात ठरलेलं नव्हतं.

थोरल्या दिरांचं म्हणणं, दाराजवळच्या. म्हणजे वेळ आली तर त्याला लवकर निघता येईल. वेळ कसली, ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, अगदी आपल्या समोर, कारण त्यांना आता एकाच कानानं ऐकू येई आणि आजचं त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. जाऊबाई सकाळी थोरल्यांच्या बाजूनं होत्या, जेवणं झाल्यावर सासूबाईंच्या बाजूला गेल्या आणि आता म्हणत होत्या, की तो बसेलच कशावरून. धाकट्या सुनेला कुणी विचारलं नाही. ती खाली गेली, दुकानातली एक खुर्ची वर घेऊन आली, फडक्यानं पुसली आणि सासूबाईंच्या समोर ठेवली. एकदा ठेवलेली खुर्ची उचलायची म्हणजे उघड भांडणच झालं असतं, म्हणून ती तिथंच राहिली.

खाली काचेचं दुकान, त्याच्या मागे काच कापायची खोली आणि वर या तीन खोल्या. सासऱ्यांच्या वेळेपासून घर असंच चाललं होतं. मध्ये चार वर्षं युद्ध झालं, पण तो शब्द शहरात कुणी वापरत नसे. सगळे म्हणत 'गडबड', जणू लग्नघरात ऐनवेळी वाढपी कमी पडले होते. शहराच्या मधोमध कालवा होता. अलीकडे एक समाज, पलीकडे दुसरा. भाषा निराळी, आडनावं निराळी, आणि एकमेकांबद्दल सांगायच्या गोष्टी मात्र दोन्हीकडे अगदी सारख्या. गडबड संपून बारा वर्षं झाली होती. ती संपली तेव्हा दोन्ही काठांवर धड खिडकी उरली नव्हती, आणि काचवाल्याला उसंत नव्हती. धाकटी नवऱ्याच्या काच कापायच्या टेबलापाशी उभी राहिली ती तेव्हापासून. सुरुवातीला चारातल्या दोन काचा ती वाया घालवायची. आता बांधकामवाले येऊन विचारत, बाई आहेत का, आणि थोरले गल्ल्यावर बसलेले असले तरी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत.

सलोखा समितीचं पत्र सोमवारी आलं होतं. पलीकडच्या एका पंपदुरुस्ती करणाऱ्या माणसाला या घराच्या नाहीशा झालेल्या धाकट्या मुलाबद्दल, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याबद्दल, ठाऊक होतं. त्याला कुठं पुरलंय तेही ठाऊक होतं. ते तो कचेरीत नाही, घरी येऊन, सगळ्यांच्या देखत सांगणार होता. त्या बदल्यात त्याला एक गोष्ट विचारायची होती. अशा बैठकीत बोललेलं कोर्टात चालत नाही, असं पत्राच्या शेवटी ठळक अक्षरात छापलं होतं, आणि थोरल्यांनी तेवढी ओळ दोनदा मोठ्यानं वाचली होती.

थोरल्यांचा विरोध समजण्यासारखा होता. चौकात दगड होता. दगडावर भावाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पुलाचे रक्षण करताना धारातीर्थी पडले'. दगड थोरल्यांनी बसवून घेतला होता आणि ती ओळही त्यांचीच. पण ती त्यांनी दगडासाठी रचली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी भाऊ नाहीसा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात आईनं अन्न सोडलं. तेव्हा एके दुपारी थोरले बाहेरून आले आणि म्हणाले, त्याला पुलावर पाहिलं म्हणे एकानं, शेवटपर्यंत मागे हटला नाही. आईनं ते ऐकलं, बराच वेळ बसून राहिली आणि मग ताट मागितलं. गोष्ट त्या दिवशीच्या जेवणापुरती होती. नंतर ती परत घेता आली नाही.

धाकटीला ती खोटी असल्याचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नवरा पुलाकडे गेलाच नव्हता. तो पळून गेला होता. कालवा ओलांडून पलीकडे, तिथून जमेल तसं बंदरापर्यंत आणि मग जिथं कुणी कुणावर गोळ्या झाडत नाही अशा कुठल्याही देशात. जम बसला की तिला आणि चार महिन्यांच्या लेकीला तो बोलावून घेणार होता. पिशवी तिनंच भरून दिली होती. एवढं माहीत असून ती गप्प बसली होती, आणि आता कोणीतरी परका जिना चढून येऊन ते सांगणार होता. पत्र आल्यापासून तिनं तीन दिवसांत सहा काचा चुकीच्या मापानं कापल्या होत्या.

पाहुणा चाराला दहा कमी असतानाच आला. सोबत समितीच्या बाई होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यामुळे घरातले सगळे, सासूबाईंसकट, उठून उभे राहिले. पंपवाला चाळिशीच्या आतबाहेरचा, रुंद हातांचा. शर्ट नवा कोरा, दुकानातल्या घड्या अजून छातीवर उमटलेल्या. त्याला इकडची भाषा येत होती, पण तो एकेक शब्द नीट बघून घेऊन मग ठेवायचा. दाखवलेल्या खुर्चीत तो बसला. बाईंनी फायलीतून छापील कागद काढला, तारीख लिहिली आणि म्हणाल्या, सुरू करा.

त्यानं सांगितलं ते असं. गडबडीच्या दुसऱ्या वर्षी त्याला कालव्यावरच्या जुन्या पंपघरात पहाऱ्याला बसवलं होतं. हाताशी बंदूक होती, पण त्याचं खरं काम पंप चालू ठेवायचं. एक दिवस भल्या सकाळी बंधाऱ्यावरून एक माणूस चालत आला. काठीला उशीची खोळ बांधलेली, दुसरा हात वर. त्यानं पलीकडच्या भाषेत एकच वाक्य पाठ केलं होतं आणि तेही चुकीचं. मी खिडकी आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मी खिडक्या बसवतो, असं म्हणायचं असणार," पंपवाला म्हणाला. "मला ते नंतर कळलं."

थोरले म्हणाले, काहीतरी गफलत होतेय. त्यांचा भाऊ पुलावर होता. पंपघरापासून पूल बराच लांब आहे. हा माणूस दुसराच कुणीतरी असणार, आणि बिचाऱ्या त्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटतं, पण बाईंनी आधी खात्री करून घ्यायला हवी होती. बाई म्हणाल्या, खात्री करायलाच आपण बसलोय.

पंपवाल्यानं वाद घातला नाही. त्यानं माणसाला आत घेतलं, कारण वरच्यांना कळवलं असतं तर काय झालं असतं हे त्याला माहीत होतं. पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत दोन दिवस लपवायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी माल नेणारी गाडी येणार होती, तिच्यात बसवून द्यायचं. माणसाकडे शस्त्र नव्हतं. पिशवीत कपडे होते आणि काच कापायची हिरकणी. तो म्हणाला होता, कुठंही गेलो तरी खिडक्या असतातच.

धाकटीनं मांडीवरचा हात मिटला. हेच वाक्य तो पिशवी बांधताना तिला म्हणाला होता.

सासूबाई पुढं झुकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या दोन दिवसांत जेवला होता का तो?"

"हो. आमच्याकडे होतं ते. बटाटे."

"त्याला बटाटे आवडायचे नाहीत."

"असं तो म्हणाला," पंपवाला म्हणाला. "दोन्ही दिवस."

सासूबाई मागं टेकल्या. त्यांच्यापुरती खात्री झाली होती. थोरले दुसऱ्या कुणा माणसाबद्दल पुन्हा काही म्हणू लागले तर त्यांनी नुसता हात वर केला.

पुढचं थोडंच होतं. माणसाला रिकामं बसवत नव्हतं. पंपघराची एक खिडकी फुटलेली होती आणि थंडी आत यायची. मागच्या पडक्या खोलीत त्याला काचेचा मोठा तुकडा सापडला. तो त्यानं मापानं कापला आणि काच पक्की करायचं लुकण नव्हतं म्हणून कालव्याच्या चिखलात तेल कालवून बसवला. पंपवाल्याला ते जमेलसं वाटलं नव्हतं, पण वारा थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी तोफेचा गोळा आला. पंपवाला खाली हौदात व्हॉल्व्ह फिरवत होता म्हणून वाचला. वर आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हौदाच्या मागं भिंतीलगत त्यानं स्वतः खड्डा खणला. कुणाला सांगितलं नाही. जागा त्याला डोळे मिटूनही दाखवता येईल.

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौदाव्या वर्षीच ती बापाएवढी उंच झाली होती. शाळेत दरवर्षी एक दिवस तिला पुढं बोलावून बापावर चार ओळी बोलायला लावत, आणि पुलाबद्दल ती छान बोलत असे. तिनं विचारलं, "ती काच आहे अजून?"

"नाही," पंपवाला म्हणाला. "त्याच गोळ्यानं फुटली."

"गोळा कुणाचा होता?" सासूबाईंनी विचारलं.

पंपवाल्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागदाकडे पाहिलं. 'मृत्यूचे कारण' या रकान्यात पलीकडच्यांच्या हातून आणि अपघाताने असे दोनच पर्याय छापलेले होते.

"इकडून आला होता," तो म्हणाला.

थोरले उभे राहिले. आवाज न चढवता ते म्हणाले, की हे ऐकून घ्यायची काही एक मर्यादा असते. भाऊ पळपुटा, भाऊ शत्रूचा पाहुणा, आणि वर त्याला मारलं तेही आपणच. सगळं यांच्या सोयीचं. उशीची खोळ म्हणे. जाऊबाईंनीही मान हलवली. खोळ ही त्यांनाही जरा अतीच वाटली होती.

"खोळ माझी होती," धाकटी म्हणाली. "मी दिली त्याला."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वाजवून बघितलं आणि बंद आहे म्हणून निघून गेलं. मग सासूबाई सावकाश तिच्याकडे वळल्या, ऐकू येणारा कान पुढं करून.

"तुला माहीत होतं."

"तो निघाला एवढं माहीत होतं, आई. पोचला का, ते नव्हतं."

"चौदा वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही जेवायला लागला होता," धाकटी म्हणाली.

धाकटीला वाटलं, आता सासूबाई आपल्याला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर काच कापायचं टेबल तेवढं मागून घ्यावं. पण म्हातारीनं नजर थोरल्या मुलाकडे नेली आणि विचारलं, पुलावर त्याला पाहिलेला तो माणूस कोण होता. थोरले पुन्हा खुर्चीत बसले. असा कुणी माणूस नव्हता, असं ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, चौकातल्या दगडाचं आता काय करायचं, असंही म्हणाले.

लेकीचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "नाव तेच आहे ना, काका. खालची ओळ काढा."

बाईंनी 'मृत्यूचे कारण'खाली तिसऱ्या पर्यायाची चौकट पट्टीनं आखली आणि तिच्यात गोळा अलीकडून आल्याचं लिहून घेतलं. मग त्यांनी पंपवाल्याला आठवण करून दिली, की त्यालाही काही विचारायचं होतं.

तो खुर्चीत जरा वळला, आतापर्यंत सासूबाईंकडे असलेलं तोंड त्यानं थोरल्यांकडे केलं. त्याचे वडील गडबडीच्या आधी अलीकडेच राहत, असं त्यानं सांगितलं. दोन गल्ल्या सोडून दवाखाना होता, तिथं ते कंपाउंडर होते. वीस वर्षं. दवाखान्याच्या मागची खोली त्यांना दिलेली होती आणि रविवारी ते कालवा ओलांडून घरी येत. गडबड सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात इकडे राहणाऱ्या पलीकडच्या सात जणांना घरांतून काढून नेलं, त्यांत ते होते. पुढं त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कुठं झालं, ते कुणी सांगत नाही. सोळा वर्षं तो विचारतोय.

कंपाउंडर म्हटल्यावर जाऊबाईंच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला. त्या घरात कंपाउंडरच्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही असं त्या वेळी कुणीच नव्हतं. सुई टोचताना ते पोरांना विचारत, तीन पायांचा घोडा पाहिलास का, आणि पोरगं विचारात पडेपर्यंत काम उरकत.

"त्यांना नेलं ती गाडी काचेच्या दुकानाची होती, असं लोक सांगतात," पंपवाला म्हणाला. "दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी असलेली."

तशी गाडी शहरात एकच होती. चौकटींत काचा उभ्या रचून नेत. थोरले म्हणाले, गाडी सरकारजमा झाली होती. कोण कुठं नेत होतं, त्यांना काय माहीत. अशा वेळी कागदपत्रं कोण ठेवतं. ते बाईंना उद्देशून बोलत होते आणि बाई काहीच लिहून घेत नव्हत्या.

सासूबाईंनी सांगितलं, "त्यानं माझ्या मुलाचं सांगितलं. आता तू सांग."

थोरले म्हणाले, त्यांना माहीत नाही.

मग जाऊबाई बोलल्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. घरात बाजू बदलायच्या त्या सासू आणि जावेच्या भांडणात. नवऱ्याशी त्यांचा तसला व्यवहारच नव्हता. त्या त्याच्याकडे न बघता, समोरच्या कपाटाकडे बघत बोलल्या.

"सांगून टाका. त्या दिवशी तुम्ही दुपारी गाडी धूत होता. पाणी मी आणून देत होते. अकरा बादल्या झाल्या. मी विचारलं नाही, पण मोजल्या."

थोरल्यांचे हात गुडघ्यांवर होते. धाकटीनं या माणसाला चौदा वर्षं गल्ल्यावर बसलेला पाहिला होता, दगडापुढं भाषण करताना पाहिला होता, तिच्या लेकीला तापात खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळतानाही पाहिला होता. आत्ता तो तिला कुणीतरी वाट चुकलेला माणूस वाटला.

ते बोलू लागले तेव्हा आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाला माप सांगतात तसा. गाडी त्यांचीच होती आणि चालवायलाही तेच होते. मागितल्यावर नाही म्हणता येत नव्हतं. म्हणजे, म्हटलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना ठाऊक नाही, कारण त्यांनी म्हटलं नाही. सात जण मागं चौकटींना धरून उभे होते. वीटभट्टीच्या मागं मातीची जुनी खाण आहे, तिथं न्यायला सांगितलं. सोबतचे चौघं बंदुकीवाले उतरले. थोरले गाडीतच बसले.

"तुमच्या वडिलांनी मला ओळखलं," ते म्हणाले. "उतरताना माझ्या खिडकीशी थांबले. विचारलं, पोराचा खोकला गेला का?"

पंपवाल्यानं विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"गेला म्हणालो." थोरल्यांनी जरा थांबून, जणू हेही सांगणं भाग आहे असं, पुढं म्हटलं, "खरंच गेला होता."

जाऊबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांचा मुलगा आता बोटीवर नोकरीला होता, सहा फूट उंच, आणि लहानपणी त्याला खोकला होता हे तो स्वतःही विसरला असेल. पंपवाल्यानं मान खाली घातली. त्याच्या नव्या शर्टावरच्या घड्या श्वासाबरोबर वर-खाली होत होत्या. धाकटी उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आधी त्याला पेला दिला आणि मग, क्षणभर थांबून, थोरल्यांना.

बाईंनी दोन्ही जागा लिहून घेतल्या आणि नियम सांगितला. दोन्ही ठिकाणी समितीची गाडी जाईल, दोन माणसं खणायला येतील, घरच्यांपैकी कुणीतरी जागा दाखवायला हवं. दोन्ही एकाच दिवशी होणार नाहीत. पहिलं कुठलं करायचं ते घरच्यांनी आपसात ठरवावं. पंपवाला लगेच म्हणाला, आधी यांचं. आजी थकल्यात. थोरले म्हणाले, नको, त्यांचं सोळा वर्षांचं आहे. जाऊबाईंना दोघांचंही पटत होतं.

"आधी कंपाउंडर," सासूबाई म्हणाल्या. "ते वयानं मोठे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला समितीची जीप दुकानापुढं उभी राहिली. सासूबाईंना जिना उतरवून पुढं बसवलं. त्यांनी आपल्याला न्यायचंच असं सांगितलं होतं. मागं बाई, पंपवाला, थोरले आणि धाकटी. दुकान उघडून जाऊबाई गल्ल्यावर बसल्या, कारण दहा वाजता शाळेच्या काचा न्यायला माणूस येणार होता आणि लेकीनं माप घेऊन ठेवलं होतं. रस्ताभर पंपवाला आणि थोरले गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. जीपमध्ये तेवढीच जागा होती.

वीटभट्टी बंद पडून वर्षं झाली होती. मागची खाण आता खाण दिसत नव्हती. कडा ढासळून उतार झाला होता आणि सगळीकडे कमरेएवढं गवत माजलं होतं. खणणारे दोघं फावड्यांना टेकून वाट बघत उभे राहिले. थोरले इकडून तिकडे गेले, परत आले. इथं एक झाड होतं, म्हणाले. झाड नव्हतं. बाईंनी वेळ घ्या म्हटलं.

शेवटी पंपवाल्यानं विचारलं, "गाडी कुठं उभी होती?"

तेवढं थोरल्यांना आठवत होतं. भट्टीचं धुराडं समोर येईल असे ते चालत गेले, एका जागी थांबले, अर्धं पाऊल डावीकडे सरकले. ते खाणीकडे पाठ करून उभे होते.

"मी असा बसलो होतो," ते म्हणाले. "मागं बघितलं नाही. आवाजावरून सांगतो." आणि त्यांनी मान न वळवता उजवा हात मागं नेऊन बोट दाखवलं. बोट कधी उताराच्या वरच्या अंगाला जाई, कधी खालच्या. खणणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्यावरून कुठून सुरुवात करणार.

धाकटी गवतातून चालत त्यांच्यापाशी गेली. या माणसाच्या अंगाला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हळूच खाली आणलं.

"दादा," ती म्हणाली, "मागं वळून दाखवा."

वळायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.